डाव्या डोळ्याची बंदूक

आमच्या आतोबांनी जेवढ्या बंदुका हाताळल्या असतील तेवढ्या अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणी बघितल्याही नसतील, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूसही जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ऐन तारुण्यात लष्करात गेले ते आर्मरर म्हणून. म्हणजे बंदूक चालवणारे नव्हेत, चालवून चालवून बिघडलेली बंदूक पुन्हा चालती करणारे. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या बंदुकांच्या नळ्या पुसण्यात, स्प्रिंगा बदलण्यात आणि नेम सरळ करून देण्यात घालवली. शत्रू काही त्यांनी पाहिला नाही. एकदा मी विचारलं, "आतोबा, तुम्ही कधी कुणावर गोळी झाडलीत?" तर ते दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, "अगं, घड्याळजी काय वेळ खातो का?" ह्या उत्तराचा अर्थ मला आजतागायत नीट लागलेला नाही, पण तेव्हा मी मान डोलावली होती.

पेन्शनीत निघून ते किहीमच्या अलीकडे, भातशेतीच्या आमच्या गावी परतले, ते तेलाची कुपी घेऊनच. हातात तेलाची कुपी नाही असे आतोबा मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलेत. आत्याचं शिवणयंत्र, विहिरीचा रहाट, ग्रामपंचायतीचं फाटक, जे जे म्हणून करकरेल त्याला ते तेल देत सुटले. देवळातल्या घंटेला तर असं काही तेल दिलं की खाडीवरचा जरासा वारा आला तरी ती आपली आपणच वाजायची. आठ दिवस गावाला कळेना, भर दुपारी आरती कसली चाललीय! शेवटी गुरवानं कडीला सुतळी बांधली. आतोबा हळहळले. "इतकी मोकळी घंटा पुन्हा मिळायची नाही," म्हणाले.

पण त्यांचा खरा संसार समुद्रावरच्या फुगेवाल्यांशी. मांडव्यापासून पार आगरदांड्यापर्यंत वाळूत जेवढी म्हणून फुगे फोडायची दुकानं लागतात, त्यांच्या छऱ्याच्या बंदुका दुखण्याला आतोबांकडे येत. कुणाची स्प्रिंग मेलेली, कुणाचा चामडी वॉशर वाळलेला. आता जगाला ठाऊक आहे की फुगेवाल्याच्या बंदुकीचा नेम थोडा वाकडाच असायचा, नाहीतर त्या बिचाऱ्यानं खायचं काय? जगाला ठाऊक, आतोबांना नाही. आगरदांड्याकडच्या एका फुगेवाल्यानं नुसती स्प्रिंग बदलायला म्हणून बंदूक दिली. आतोबांनी प्रेमानं तिचा नेमही सरळ करून दिला. दुसऱ्या दिवशी मुंबईची सहल आली आणि दुपारपर्यंत त्याचे फुगे संपले, प्लॅस्टिकच्या बाहुल्या संपल्या, सगळं बक्षीस लुटलं गेलं. तिसऱ्या दिवशी तो माणूस दारात हजर. "आतोबा, पाया पडतो, होती तशी वाकडी करून द्या!" आतोबा म्हणाले, "वाकडी करायला मी कशाला हवा? त्या आपल्या आपण होतात." बंदूक काही त्यांनी वाकडी केली नाही.

सरळ बंदूक मागणारी फुगेवाली अख्ख्या किनाऱ्यावर एकच, ती म्हणजे किहीमची कुंदा. आमच्याच गावची सून, तोंडानं फटकळ, मनानं लाख. तिचं म्हणणं, "फुगा फुटला का मानूस हसतो, हसला का परत येतो." त्यामुळे आतोबांचा तिच्यावर फार जीव. तिच्या दुकानाशेजारी सुरूच्या सावलीत एक खुर्ची त्यांची म्हणून ठेवलेली असे. तिथे बसून ते गिऱ्हाइकांना शिस्त लावत. बंदुकीचं तोंड वाळूकडे, माणसाकडे कधीच नाही. रिकामी असली तरी भरलेली समजायची. आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. ही तिसरी आज्ञा मोडणाऱ्याला ते भर समुद्रावर असे ओरडत, "बोट चापावरून काढ, जवान!" की त्या जवानाच्या बायकोच्या हातातली भेळ सांडे. मीही कैकदा ओरडा खाल्लाय. चाळिशी उलटलेली, मंत्रालयात नोकरी करणारी बाई मी, दर शनिवारी मांडव्याच्या बोटीनं आत्याकडे यायची आणि चार लोकांत जवान म्हणून ओरडा खायचा.

हा झाला शिस्तीचा भाग. एरवी आतोबा निम्मा वेळ स्वप्नातच असत. बंदूक दुरुस्त झाली की ती खांद्याला लावून नेम धरत आणि धरूनच बसत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. समोर सुरूच्या मुळाशी खोवलेली करवंटी, तिच्यामागे वाळूचा बांध, त्याच्यावर दुपारचं पिवळं ऊन, कुठेतरी भरतीचा आवाज. आपण वाट बघावी की आता उडवतील, मग उडवतील, आणि ते अलगद बंदूक खाली ठेवत. "झालं?" मी विचारी. "झालं की. जुळलं," ते म्हणत. ते मला एकदा समजावून सांगितलं त्यांनी. डोळ्याची एक रेघ असते आणि नळीची एक. दोघी वेगवेगळ्या जागेवरून निघतात, आणि सगळी कारागिरी म्हणजे त्या दोघींना ठरल्या जागी भेटवणं. कुंदाच्या दुकानात ती जागा दहा पावलांवर. "त्याच्या अलीकडे नाही भेटत, पलीकडे गेल्या की पुन्हा लांब. एवढी एकच जागा," असं म्हणून ते समुद्राकडे बघत बसले, आणि मीही बसले. आतोबांच्या शेजारी बसलं की आपल्यालाही काही करावंसं वाटत नाही.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र त्यांच्या विक्षिप्तपणाला नव्यानंच धुमारे फुटले होते. एक म्हणजे, त्यांच्या उजव्या बाजूला कुणी बसायचं नाही. "उजवी बाजू शस्त्राची, ती मोकळी हवी." जेवायला बसताना, एसटीत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे हाच हुकूम. आत्या तर इतकी वर्षं त्यांच्या उजव्या हाताला बसणारी. तिचंही ताट डावीकडे गेलं. दुसरं, चहा ओतायचा झाला की आधी कपाच्या कडेला बोट टेकवायचं. आम्ही म्हटलं, हीही लष्करी रीत असेल. तिसरं, घराच्या उजव्या चौकटीशी त्यांचं वैरच जमलं. जाता येता खांदा आपटायचा आणि चौकटीलाच दरडावायचं, "लायनीत उभी राहा!" आम्ही पोट धरधरून हसायचो. मी तर मांडव्याच्या बोटीवर मैत्रिणींना त्यांच्या नकला करून दाखवायची. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तर अशात कुंदानं ती नवी बंदूक आणली. छऱ्याचीच, पण दिसायला परदेशी सैनिकांच्या हातात असते तशी काळीकुट्ट, आणि वरच्या अंगाला, सुटकेसला असते तशी, उचलून न्यायची मूठ. कॉलेजची पोरं यायची आणि आधी तिच्याबरोबर फोटो काढायची. मग म्हणायची, "मावशी, ह्याच्यावर दुर्बीण नाय? फोनवरच्या गेममधे असते." कुंदानं दुर्बीणही मागवली. ती आली आणि बसेना! बसणार कशी? दुर्बिणीला सपाट पाठ हवी, आणि इथे पाठीवर ही मूठ, बंदुकीबरोबर एकाच साच्यात ओतलेली. काढता येत नाही, कापली तर बंदूकच मोडेल. "तेवढं मुठीचं बघा ओ, आतोबा," म्हणत कुंदानं दोन्ही वस्तू गोणपाटात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवल्या. आतोबांचा चेहरा असा उजळला की आत्या मला हळूच म्हणाली, "आता आठ दिस हे जेवायला गावायचे न्हाईत."

आठ दिवस म्हणजे आठच दिवस. मीही दिवाळीची रजा टाकून आलेली होते, त्यामुळे हा सोहळा मला साद्यंत बघायला मिळाला. पहिल्या दिवशी ते नुसतेच मुठीकडे बघत बसले. "काढता येत नाही ना? मग तिच्याशी भांडायचं नाही. तिच्यावरच बैठक बांधायची." मुठीच्या वरच्या खाचेत तळाला एक भोक होतं. जुन्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी कापून, घासून, सायकलच्या ट्यूबचं रबर खाली घालून त्यांनी त्या भोकातून बोल्ट पार केला. पट्टी थोडी उंच ठेवली, म्हणजे दुर्बीण वर आणि तिच्याखालून बोगद्यासारखी वाट मोकळी, मूळचा लोखंडी नेम तिच्यातून तसाच दिसावा म्हणून. "दुर्बिणीचा काय भरवसा? खाऱ्या हवेत धुकं धरते. खालून उघड्या डोळ्याची वाट असावी." दुर्बिणीतली उभी रेघ खरंच उभी आहे का हे बघायला गवंड्याकडून ओळंबा आणून अंगणात टांगला, आणि आत्याला दोन दिवस कपडे वाळत घालायला मागच्या पडवीत पिटाळलं. स्क्रू एकदम कुठलाच पिळायचा नाही. याला थोडा, त्याला थोडा. ढिले पडू नयेत म्हणून त्यांच्यावर माझं नेलपॉलिश फासलं. चांगलं महागातलं होतं हो! त्या काळ्या भीषण बंदुकीवर चार गुलाबी टिकल्या.

मग दुर्बीण इतकी उंच गेली की बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकेना, नुसती हनुवटी टेके. "गाल टेकला नाही तर डोळा रोज नव्या जागी जातो," म्हणून आत्याच्या जुन्या गोधडीचा तुकडा, आत काथ्या भरून, दस्त्यावर शिवून घेतला. तो आत्यानंच शिवला, शिव्या देत. सगळं झालं, तरी आतोबांचं समाधान होईना. बंदूक खांद्याला लावत, बघत, आणि "अजून समोर येत नाही," म्हणून दुर्बीण त्या पट्टीवर सुताभर डावीकडे सरकवत. सरकवली की नळीच्या रेघेशी पुन्हा सगळं जुळवणं आलं, करवंटीवर छर्रे आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "अजून समोर येत नाही." पुन्हा सुताभर. मी पायरीवर भाताची लोंबी चघळत बघत होते आणि मनात म्हणत होते, काय ही बारकाई! आठव्या दिवशी ते म्हणाले, "आली. अगदी समोर आली." इतके खूश झाले की चौकटीला खांदा आपटला तरी दरडावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किहीमला दुकान मांडलं. सुट्टीचे दिवस, वाळूवर ही गर्दी. कुंदानं बंदुकीला हळदकुंकू लावलं. पहिला मान आतोबांचा. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, आणि माझ्या डोळ्यादेखत लाल, पिवळा, निळा, सांगून तीन फुगे तीन छऱ्यांत उडवले. टाळ्या पडल्या. मग पुण्याचा एक धिप्पाड तरुण पुढे झाला. त्यानं बंदूक घेतली, गाल टेकला, आणि म्हणाला, "काका, यात तर काहीच दिसत नाहीये. काळंच आहे." आतोबा म्हणाले, "मान सरळ ठेव." त्यानं मान सरळ ठेवली. काळंच. त्याच्या मित्रानं बघितलं, काळंच. तिसरा आला, तो माघारी गेला. रांगेत कुणीतरी हसलं. आतोबांचे कान लाल झाले. "आजकालच्या पोरांना बंदूक धरता येत नाही," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. समुद्रावर त्यांच्या हाताचं नाव होतं, आणि ते नाव असं भर सकाळी वाळूत पडत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा कुंदानं बंदूक आपल्याकडे घेतली. तिनंही उजव्या डोळ्यानं बघितलं. मग मान जराशी पलीकडे कलती केली, उजवा डोळा मिटला, डावा उघडला आणि तशीच थांबली. बंदूक खाली केली, तोंड वाळूकडे. फटकळ बाई, पण इतक्या हळू बोलली की फक्त आम्हाला ऐकू यावं. "आतोबा, ही तुमी डाव्या डोल्याला बसवलीव. उजव्याचं काय झालंय?"

"काही झालं नाही," आतोबा म्हणाले. "दुर्बीण फॅक्टरीतूनच वाकडी आली असेल. मी बघतो. आणि तू हे आत्याला सांगायला जाऊ नकोस." मग माझ्याकडे वळून, "तूही नाही सांगायचं. डोळ्यात जरा धूर आल्यासारखं वाटतं, दोनेक वर्षं झाली, आपला आपण जाईल. आर्मररचा डोळा गेला म्हणून कुणी बोंब मारली तर उद्यापासून एक बंदूक दारात यायची नाही. मग मी करू काय? आत्या कुठे आहे, घरीच आहे ना?"

आत्या त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती. हातात त्यांच्या भाकरीचा डबा. हातभर अंतरावर. मघापासून उभी होती, आणि एक एक शब्द ऐकत होती. मी काही बोलणार तर तिनं मानेनंच नको म्हटलं. डबा दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा हात त्यांच्या कानशिलाजवळून, उजव्या डोळ्यासमोरून हळूच फिरवला. आतोबा माझ्याकडेच बघत राहिले, उत्तराची वाट बघत. आत्याचा हात खाली आला. "मी हितंच हाय," ती म्हणाली.

आतोबा दचकून वळले. पूर्ण वळावं लागलं त्यांना, खांद्यासकट, तेव्हा कुठे ती दिसली. मला वाटलं होतं आत्या ओरडेल. तिचा स्वभावच तो. ती नुसती म्हणाली, "माजं ताट डावीकडं का नेलंत, त्ये आता कळलं." आणि मग पदरानं डोळे पुसत, "मला वाटलं, माजाच कंटाला आला तुमास्नी." आतोबा एवढंच म्हणाले, "मला वाटलं, मी दुर्बीण समोर आणतोय गं." ते खोटं बोलत नव्हते. उजव्या डोळ्याचं त्यांना ठाऊक होतं. दुर्बीण रोज सुताभर सरकत डाव्याकडे गेली, हे खरंच त्यांना कळलं नव्हतं. मी तिथेच वाळूत बसून रडले. कुंदानं गिऱ्हाइकांना पिटाळलं, "बगताव काय? जा, शेवपुरी खा जा!"

अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलेला, तो काही परत येणार नाही. डाव्यालाही सुरुवात होती, पण तो राखता येईल; दोन वेळा थेंब, रोज, एकही चुकवायचा नाही. आतोबा निघताना डॉक्टरांना म्हणाले, "म्हणजे सर्व्हिसिंग." आणि घरी येऊन त्यांनी त्याची कवायतच केली. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. ओटीवर खुर्ची, मान मागे, सावधान! थेंब घालायचं काम आत्याचं. तिचा नेम चुके, थेंब गालावर पडे, कधी कानात जाई. मग आतोबा खालून तिचं कोपर धरत आणि सांगत, "घाई नको. श्वास घे. अर्धा सोड. आता दाब." थेंब बरोब्बर डोळ्यात. जन्मभर जवानांना जे शिकवलं ते शेवटी बायकोच्या उपयोगी पडलं. फक्त ते मिनिटभर डोळा मिटून बसत ना, तेव्हा आत्या मिटल्या डोळ्याकडे असं बघत राही की मी उठून आत जात असे. तो थेंब लागू पडतोय की नाही हे डॉक्टर काही महिन्यांनी सांगणार, आणि रोज सकाळी तिला ते तेव्हाच हवं असे.

ती दुर्बीण पुन्हा मधोमध आणून देतो म्हणून आतोबा कुंदाकडे चार वेळा गेले. तिनं बंदुकीला हात लावू दिला नाही. "ऱ्हाऊ द्या तशीच," म्हणाली, आणि दुकानावर खडूनं पाटी लिहून टांगली: डाव्या डोळ्याची बंदूक, हिंमत असेल तर या. बघता बघता रांग लागायला लागली. लोक माना कलत्या करतात, चुकीचा डोळा मिटतात, एकमेकांना हसतात. आणि ज्याला एकदा जमलं त्याचा फुगा फुटतोच, कारण नेम आतोबांनी जुळवलेला आहे.

परवाच्या शनिवारी मी बोटीतून उतरले ती थेट किहीमलाच गेले. ऊन कलायला आलं होतं. आतोबा दिसले नाहीत, खुर्ची रिकामी. कुंदा म्हणाली, "तालुक्याला गेलीत दोघा, डाक्टरकडं. येतीलच." म्हणजे डाव्या डोळ्याचा निकाल आज लागणार. वाट बघवेना म्हणून मी बंदूक उचलली, गोधडीच्या तुकड्यावर गाल टेकला, मान कलती केली, उजवा डोळा मिटला. आधी काळं, मग एकदम स्वच्छ गोल उजेड, त्यात एक पिवळा फुगा वाऱ्यानं हलतोय. किती जवळ होता! नेम धरून मी तशीच राहिले. आतोबा दहा दहा मिनिटं काय बघत बसायचे ते थोडंसं कळल्यासारखं झालं.

इतक्यात पार तिकडून, रस्त्याकडच्या सुरूच्या रांगेतून, आरोळी आली.

"बोट चापावरून काढ, जवान!"

मी दचकून बोट काढलं. खरंच चापावर होतं की! बंदूक खाली ठेवली, तोंड वाळूकडे, आणि वळून बघितलं. इतक्या लांब होते ते दोघं, की मला त्यांचे चेहरेही ओळखू येत नव्हते. आणि त्यांना माझं बोट दिसलं होतं. त्या एका आरोळीत मला डॉक्टरांचं उत्तर मिळालं. रडू आणि हसू एकदमच आलं. कुंदा म्हणाली, "घ्या! म्हाताऱ्याचा डोला हाय जाग्याव."

ते दोघं वाळूतून सावकाश येत होते. आतोबांच्या डाव्या हातात तेलाची कुपी. आणि उजव्या बाजूला, जिथे कुणी यायचं नाही असा हुकूम होता तिथे, त्यांचा दंड धरून आत्या चालत होती.